बागेचं औषध ओट्यावर नको

तासगाव, सावळज, मणेराजुरी या पट्ट्यातला द्राक्ष बागायतदार औषधांच्या बाबतीत भलता काटेकोर. 2010 मध्ये क्लोरमेक्वॉट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं नाकारली गेली, तेव्हाचा दणका या भागाला चांगला आठवतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी आणि कुठल्या फवारणीनंतर किती दिवस घड काढायचा नाही, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. मात्र त्याच घरात ओट्यावर मुंग्यांची रांग लागली, की उरलेल्या बाटलीतलं झाकणभर औषध पाण्यात कालवून कोपऱ्याकोपऱ्यांत शिंपडलं जातं. द्राक्षाला काढणीपूर्व कालावधी आहे, पोळपाटाला कुणी ठेवलेला नाही.

'बागेला चालतं ते घराला चालतं' हा मला सगळ्यात घातक गैरसमज वाटतो. शेतातल्या औषधाची मात्रा मोकळी हवा, ऊन आणि पाऊस गृहीत धरून ठरवलेली असते. घरात ऊन नाही, पाऊस नाही. फरशीवर औषध टिकून राहतं आणि त्याच फरशीवर तान्हं मूल रांगतं. 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार औषध कशासाठी वापरायचं ते लेबलावर छापलेलं असतं. त्यावरचा त्रिकोण विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे.

'दिसल्या तेवढ्या मारल्या की झालं' हा दुसरा समज. ओट्यावर दिसतात त्या फक्त खाऊ न्यायला आलेल्या कामकरी मुंग्या. राणी, अंडी, अळ्या भिंतीच्या फटीत किंवा फरशीखाली सुखरूप असतात. त्यातही बारीक, पिवळसर फारो मुंगीवर स्प्रे मारला तर वसाहत फुटते आणि एकाच्या जागी दोन-तीन वारुळं होतात. बेदाण्याच्या हंगामात घरोघरी पोती आणि डबे भरलेले असतात, तेव्हा तर हा स्प्रेचा उद्योग अंगाशीच येतो.

मग करायचं काय? आधी साबणाच्या पाण्याने रांगेची वाट पुसा. मुंग्या वासाच्या खुणांवर चालतात, त्या पुसल्या की रांग विस्कटते. फट पांढऱ्या सिमेंटने बुजवा. तरीही येत राहिल्या तर आमिष: 100 मिली कोमट पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि जेमतेम 1 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड. कापसाचा बोळा त्यात भिजवून भोक पाडलेल्या डबीत ठेवा. 'जास्त घातलं तर लवकर मरतील' म्हणून हात सैल सोडू नका. द्रावण तीव्र झालं तर मुंगी वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काहीच पोचत नाही. दोन-तीन आठवडे धीर धरा, जवळपास स्प्रे मारू नका. साखरेला भुलली नाही तर आमिष शेंगदाण्याच्या कुटात द्या, काही जातींना तेलकटच आवडतं. डबी मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवायची.

झुरळांनाही हीच बोरिक अ‍ॅसिडची पावडर चालते, पण फटीत अगदी पातळ थर हवा. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं.

आता एक अवघड गोष्ट. आमिषात जी पावडर इतकी जपून घालायची, तीच आपल्याकडे वर्षाच्या तांदळाला सढळ हाताने चोळतात. 'धुतल्यावर जाते' हे बरंचसं खरं असलं, तरी बोरिक अ‍ॅसिड ही खाण्यात मिसळायची वस्तू नाही. धान्य कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरा. डाळींना एरंडेल तेलाचा हात पुरतो. घरचा बेदाणा थोडाच असेल तर पाच-सहा दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, आतली किडीची अंडीही मरतात.

हळद, लिंबू, कापूर यांनी रांग तेवढ्यापुरती मोडते, वारूळ संपत नाही. आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हेही खरं नाही. तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन हे जबर विष आहे, कापूर गिळला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. मुंग्यांचा खडूही साधा नसतो, त्यात पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. पाटीच्या खडूंजवळ तो ठेवणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

वाळवीचं मात्र घरगुती उपायांवर भागत नाही. तिथे जाणकार माणूसच बोलवा.

शेवटची विनंती गव्हाच्या पोत्यात टाकायच्या सेल्फॉससारख्या गोळ्यांबद्दल. 3 ग्रॅमची एक गोळी हवेतल्या दमटपणाने सुमारे 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. ज्या घरात माणसं झोपतात तिथे ती कधीही वापरू नका, घरात असेल तर आजच बाहेर काढा. फॉस्फिनच्या विषबाधेवर उतारा नाही.