आवाज फाटतो तो कुठे?

तुळजापूरचे आराधी मेळे असोत की तेरची भजनी मंडळे, आपली गाणी घरच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करावीत असे आता अनेकांना वाटते. संबळ, तुणतुणे, झांज, पेटी घरात असतातच, कार्यक्रमाचा मिक्सरही असतो. मग मिक्सरच्या आउटपुटची वायर लॅपटॉपच्या जॅकमध्ये खुपसली जाते, आवाज फाटतो आणि खापर लॅपटॉपवर फुटते.

‘पिन बसली म्हणजे जोडणी झाली’ हा यातला सर्वांत मोठा गैरसमज. माइकच्या जॅकला काही मिलिव्होल्टचा सिग्नल हवा असतो. मिक्सरचा लाइन आउट साधारण एक व्होल्ट देतो, म्हणजे शेकडो पट जास्त. मास्टर अगदी खाली ओढला की गाडी कशीबशी चालते, पण मग खरखर वर येते. नव्या लॅपटॉपांत तर हेडफोन आणि माइक मिळून एकच जॅक असतो. आपल्या वायरची पिन पाहा: तीन काळ्या रेघा असल्या तर ती हेडसेटची, दोन असल्या तर साधी स्टिरिओ. दोन रेघांची पिन लॅपटॉप हेडफोन समजतो आणि काहीच ऐकत नाही. घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर मागचा निळा जॅक बघा. तो लाइन इन, गुलाबी माइकचा. निळ्यात वायर लावली की फुकटात काम होते. नाहीतर लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा.

‘यूएसबी मिक्सर घेतला की प्रत्येक वाद्य वेगळे मिळते’ असे दुकानात सर्रास ऐकू येते. बहुतेक स्वस्त यूएसबी मिक्सर मात्र संगणकाला फक्त डावा-उजवा असे दोनच ट्रॅक देतात. संबळाखाली गाणाऱ्याचा आवाज दबला तर नंतर काही करता येत नाही. एकेकाने पाळीपाळीने रेकॉर्ड करा, असे सुचवणारे असतात. पण गाणारा आणि संबळवाला एकमेकांकडे बघून लय वाढवतात, ती मजाच जाते. त्यापेक्षा गाणाऱ्याचा पॅन पूर्ण डावीकडे आणि संबळाचा पूर्ण उजवीकडे फिरवा. संगणकात दोन वेगळे ट्रॅक मिळतात, नंतर ते मोनो करून मध्यावर आणता येतात. झांजेला वेगळा माइक लावू नका, ती सगळ्या माइकांत शिरतेच.

‘मीटर लाल झाला की आवाज दमदार’ हेही खोटे. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हे छत. त्यावरचे कापले जाते आणि परत येत नाही. संबळाची थाप क्षणार्धात उसळते, म्हणून आधी सर्वांत जोरकस तुकडा वाजवून घ्या आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. २४ बिटवर रेकॉर्ड केले तर कमी पातळीची भीती नको.

भिंतींवर चिकटवलेल्या अंड्यांच्या ट्रेंनी बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज थांबत नाही. पत्र्याच्या खोलीतला घुमारा कमी करायला भिंतींवर जाड वाकळा टांगा, माइक जवळ घ्या. गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा.

ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून कमी दर्जाचे नाही. फक्त मूळ रेकॉर्डिंग वाव्ह फाइलमध्ये जपून ठेवा. एमपी३ करताना गेलेला आवाज पुन्हा मिळत नाही.