११२ लावला म्हणजे गाडीला आपलं शेत सापडलं असं नाही! फोनवरून जागा कशी कळते, समजून घ्या

‘फोन लावला की पोलिसांना आपोआप कळतं आपण कुठं आहोत ते,’ असा बऱ्याच जणांचा समज आहे. सिनेमात तसंच दाखवतात. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकतो आणि गाड्या थेट दारात. पण शेतातून, वस्तीवरून किंवा घाटातून लावलेल्या फोनचा असा नेमका ठिपका प्रत्येक वेळी मिळेल याची खात्री नसते. कधी कधी तो काही हजार एकरांचा पट्टा असतो. साप चावलेला माणूस असो, विहिरीत पडलेलं पोर असो की पेटलेला ऊस, गाडी फाट्यावरून भलतीकडे वळली तर मोलाची वेळ जाते. म्हणून ही यंत्रणा कशी चालते आणि आपण काय करायचं, ते माहीत असलेलं बरं.

फोन कोण उचलतं?

पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी ११२ हा एकच क्रमांक महाराष्ट्रात २०२१ पासून सुरू आहे. हा फोन आपल्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईतल्या महापे इथल्या किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला आणि मग जवळच्या पोलीस गाडीतल्या स्क्रीनवर जाते. १०८ ची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. तिचे फोनही राज्यासाठीच्या केंद्रातच घेतले जातात. म्हणजे फोन उचलणाऱ्या ताईला किंवा दादाला आपला फाटा, आपला ओढा, आपली वस्ती माहीत नसते. आपण ‘मारुतीच्या देवळापाशी या’ म्हणतो. पण मारुतीचं देऊळ कुठल्या गावात नाही?

टॉवरला काय कळतं?

मोबाइल कुठल्या टॉवरला जोडलाय, हे कंपनीला कायम माहीत असतं. ११२ च्या यंत्रणेला कंपनीकडून मुख्यतः हीच माहिती मिळते. साधारणपणे एका टॉवरचे तीन भाग केलेले असतात, भाकरीचे तीन सारखे तुकडे करावेत तसे. फोन कुठल्या तुकड्यात आहे, एवढं त्यातून कळतं.

आता हिशोब करा. शहरात टॉवर जवळ जवळ असतात. टॉवरचा पल्ला अर्धा किलोमीटर धरला तर एक तुकडा सुमारे ६५ एकरांचा होतो. आपल्याकडे पल्ला ५ किलोमीटर धरला तर तोच तुकडा भरतो जवळपास साडेसहा हजार एकर. त्यात दोन-तीन गावं, दहा वस्त्या आणि एखादा पाझर तलावही येतो.

फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत पोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढता येतं. पण अंतर कळलं तरी नेमकी दिशा कळत नाही. टॉवरपासून ३ किलोमीटर अंतर निघालं, तर आपण त्या तुकड्यातल्या ६ किलोमीटर लांबीच्या कमानीवर कुठंही असू शकतो. तीन टॉवरवरून मोजलं तर जागा बरीच नेमकी निघते. शहरात ते जमतं. पण खेड्यात फोनला कित्येकदा एकच टॉवर कसाबसा मिळतो.

आणखी एक भानगड. फोन जवळचाच टॉवर पकडेल असं नाही. मध्ये डोंगर आला तर तो जवळचा सोडून धरणाच्या पलीकडचा टॉवर पकडतो. राज्याच्या सीमेवरच्या गावांत तर शेजारच्या राज्याचा टॉवर लागला तर ११२ चा फोन तिकडं जाऊ शकतो. पलीकडून दुसऱ्या भाषेत आवाज आला तर फोन ठेवू नका. आधी जिल्ह्याचं नाव आणि महाराष्ट्र सांगा.

सिमकार्ड घेताना दिलेल्या पत्त्यावरही विसंबून चालत नाही. पोराच्या नावावर पुण्यात घेतलेलं सिम गावाकडं आई वापरते. त्या पत्त्यावर गाडी पाठवून काय होणार?

मग जीपीएस कशाला आहे?

जीपीएस टॉवरवर चालत नाही. २० हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणारी वेळ मोजून फोन स्वतःची जागा काढतो. त्याला निदान चार उपग्रह लागतात. मोकळ्या रानात तो काही मीटरपर्यंत नेमकी जागा दाखवतो आणि त्यासाठी रेंजही लागत नाही. पण पत्र्याच्या शेडमध्ये, दाट झाडीत, विहिरीत तो अडखळतो. नेट बंद असेल तर पहिल्यांदा जागा काढायला जास्त वेळ घेतो.

मुख्य मुद्दा असा की फोनला जागा कळली म्हणजे नियंत्रण केंद्राला कळली असं नाही. ती पाठवावी लागते. त्यासाठी ‘११२ इंडिया’ हे अ‍ॅप आहे, त्यातून मदत मागितली की जागाही जाते. अँड्रॉइड फोनमध्ये आपत्कालीन क्रमांक लावताच लोकेशन आपोआप पाठवण्याची सोयही आहे. पण ती त्या राज्याच्या ११२ यंत्रणेला जोडलेली असावी लागते. देशात ती सगळ्यात आधी उत्तर प्रदेशाने डिसेंबर २०२५ मध्ये जोडली. बटणाचा साधा फोन वापरणाऱ्यांना या सोयीचा उपयोग नाही. म्हणून आपल्या तोंडचा पत्ता हाच अजून सगळ्यात खात्रीचा.

फोनवर काय सांगायचं?

१. आधी जागा, मग घटना. फोन मध्येच कटला तरी गाडी निघू शकते.

२. जिल्हा, तालुका आणि गाव, तिन्ही सांगा. वडगाव, पिंपळगाव, टाकळी, निमगाव या नावाची गावं राज्यात कितीतरी आहेत. बुद्रुक की खुर्द, तेही सांगा.

३. नुसतं वस्तीचं नाव नको. ‘शिंदे वस्ती’ गावोगाव आहे. वस्ती कुठल्या गावच्या हद्दीत, ते सांगा.

४. रस्ता सांगताना कुठून कुठं जाणारा रस्ता, ते बोला. जवळ किलोमीटरचा दगड असेल तर त्यावरचं गाव आणि आकडा वाचून दाखवा.

५. गाडीतून दिसेल अशी खूण द्या: शाळा, पाण्याची टाकी, कालव्याची चारी, डीपी. गट नंबर सांगून उपयोग नाही, ड्रायव्हरकडं सातबारा नसतो.

६. गाडी कुठपर्यंत येते ते सांगा. पुढं चिखल असेल, पुलावर पाणी असेल तर आधीच बोला. एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा.

७. फोन मोकळा ठेवा. गाडीवाले परत फोन करतात. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवा. नेट नसेल तर गुगल मॅपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरल्यावर येणारे दोन आकडे मेसेजने पाठवा. दशांश चिन्हापुढचे चार आकडे दिले तरी जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी होते.

आपल्या कंपनीची रेंज नसेल आणि फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसत असेल, तरी ११२ लावून बघा. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. व्हॉट्सअ‍ॅप कॉलवरून मात्र ११२ लागत नाही.

ज्यांना गावाचं नावच माहीत नाही त्यांचं काय?

सगळ्यात मोठी अडचण बाहेरून आलेल्या माणसांची आहे. ऊसतोडीची टोळी आज या फडात, परवा दुसऱ्या. मध्यरात्री कोपीत साप निघाला तर त्या बाईला आपण कुठल्या शिवारात आहोत, हे सांगता येत नाही. तीच गत सालगड्याची, मेंढपाळाची आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबाची. फोन हातात असून उपयोग होत नाही.

यावर खर्चाचा उपाय लागत नाही. टोळी उतरली त्याच दिवशी मुकादमाने किंवा शेतकऱ्याने सगळ्यांकडून पत्ता पाठ करून घ्यावा. मोटारीच्या स्टार्टर पेटीच्या झाकणावर आतून ऑइल पेंटने गाव, तालुका, जिल्हा, कुठल्या फाट्यापासून किती अंतर, आणि ११२ व १०८ एवढं लिहून ठेवावं. लोकेशनचे दोन आकडेही एकदाच काढून तिथंच लिहावेत, ते बदलत नाहीत. वाचता न येणाऱ्यांसाठी पत्ता तोंडी घोकून घ्यावा, पोरांकडूनसुद्धा. ग्रामपंचायतीने वस्तीच्या तोंडाशी पाटी लावताना नुसतं वस्तीचं नाव न लिहिता खाली गाव आणि तालुकाही लिहावा. रात्री वाट चुकलेल्या रुग्णवाहिकेला तीच पाटी कामाला येते.