चाकाचा अडकलेला नट

श्रोतेहो, माझा आवाज ज्या लहरींवरून आपल्या घरीं पोंचत आहे, त्याच जातीच्या लहरींवर आतां मुलांच्या मोटारीही धांवतात. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एक लहानशी बोट तारेवांचून दुरून चालवून दाखविली, तेव्हां तें मोठें नवल वाटलें होतें. आज नाशकांतला दहा वर्षांचा मुलगा ओट्यावर बसून अंगणांतली मोटार हवी तशी वळवितो. परंतु चाक बदलण्याची वेळ येते आणि ही सगळी विद्या एका इवल्याशा नटापाशीं अडून बसते. पावसाळ्यांत चिखलांतून फिरविलेली मोटार न पुसतां माळ्यावर ठेवली, म्हणजे दिवाळीच्या सुटींत तिचा नट हलत नाहीं. मग घरांतलें कोणी तरी पक्कड घेऊन जोर करतें, नटाचे कोपरे झिजतात किंवा कणा मोडतो, आणि हौसेनें घेतलेलें महागाचें खेळणें अडगळींत जातें.

हें टाळतां येतें. नट स्वभावानें हट्टी नसतो; त्याला कशानें तरी धरून ठेवलेलें असतें. कशानें धरलें आहे हें आधीं ओळखावें आणि मगच जोर करावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम बॅटरी काढून दूर ठेवावी. लिथियमची बॅटरी फार तापली किंवा तिला हत्यार लागून भोंक पडलें तर ती पेट घेते; शिवाय मोटार अवचित सुरू झाली तर बोटें सांपडतात. डोळ्यांवर चष्मा असावा. नंतर नटाचें माप पाहावें. खऱ्या मोटारीच्या दशांश आकाराच्या गाडींत बहुधा ४ मिलिमीटर जाडीच्या आट्यांवर ७ मिलिमीटर रुंदीचा नट असतो. अष्टमांश आकाराच्या गाडींत तो पुष्कळदां १७ मिलिमीटर रुंद व ॲल्युमिनियमचा असतो. पाना साही कोपऱ्यांस घट्ट बसणारा, पेटीसारखा असावा. पकडीचे दांत नटाच्या कोपऱ्यांचे शत्रूच होत.

नटाकडे तोंड करून पाना घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरविला कीं नट सुटतो. मात्र सायकलच्या डाव्या पायंडलाचे आटे उलटे असतात, हें सायकल दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. गाडीच्या माहितीपत्रकांत एखाद्या बाजूस उलटे आटे सांगितले असतील, तर त्या बाजूस आपला जोर नट आंवळण्यांतच खर्च होईल.

आतां कारणांकडे वळूं. नट फिरतो, पण शेवटपर्यंत सारखाच जड फिरतो, असें असेल तर तो अडकलेलाच नाहीं. त्याच्या तोंडाशीं नायलॉनचें कडें असतें व तें आट्यांना धरून ठेवतें. असा नट धीरानें शेवटपर्यंत फिरवीत न्यावा.

नटाबरोबर चाकही फिरत असेल तर दोष पकडीचा आहे. टायर फडक्यानें घट्ट धरावें. चाकाची मधली षट्कोनी खोबण झिजली असेल, तर मागच्या बाजूचा कण्याचा धातूचा भाग कापड गुंडाळून पकडींत धरावा. आंतल्या दांतेरी चाकांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवून कणा रोखूं नये, दांते तुटतात.

नट मुळींच हलत नसेल आणि तांबूस डाग दिसत असतील, तर तो गंज आहे. ब्रशानें माती काढून गंज सोडविणाऱ्या तेलाचे दोन थेंब आट्यांवर सोडावे व रात्रभर थांबावें. तेल टायरास लागूं देऊं नये, रबर फुगतें. सकाळीं नट आधीं किंचित् आंवळून मग सोडवावा. त्यानें गंजाचा थर तडकतो. शाळेंत तरफेचा धडा शिकवितांना सांगतों तेंच येथें लागू पडतें. १० सेंटिमीटर लांब पान्यास जेथें ५ किलोचा जोर लागतो, तेथें २० सेंटिमीटरच्या पान्यास अडीच किलो पुरतो. पण ४ मिलिमीटरचा कणा तरफेपुढें टिकत नाहीं, म्हणून लांब दांडा बेतानेंच वापरावा.

ॲल्युमिनियमचा नट पोलादी कण्यावर धरला असेल तर उष्णता कामीं येते. गांवचा लोहार लोखंडी धाव विस्तवांत तापवितो, ती फुगून बैलगाडीच्या चाकावर सहज उतरते, आणि पाणी ओततांच आंवळून बसते. येथें तोच नियम उलट दिशेनें वापरावयाचा. तितक्याच उष्णतेनें ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. नाशिक उंचावर असल्यामुळें येथें पाणी सुमारें ९८ अंशांवर उकळतें. त्यांत बुडविलेलें फडकें चिमट्यानें नटावर धरलें, तर १२ मिलिमीटरच्या आट्यांत सुमारें एक शतांश मिलिमीटर मोकळीक मिळते. ती पुष्कळदां पुरते. आट्यांस चिकटद्रव्य लावलेलें असेल तर याहून बरीच अधिक उष्णता लागते. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोंकानें केवळ नटच तापवावा आणि गरम असतांनाच फिरवावा. नायलॉनच्या नटास व प्लॅस्टिकच्या चाकाजवळ हा उपाय करूं नये. तेलाचा अंश राहिला असेल तर मुळींच नाहीं. तापविण्याचें काम मोठ्या माणसानेंच करावें.

कोपरे पार गेले असतील तर कानशीनें दोन समोरासमोरच्या बाजू सपाट कराव्या आणि लहान माप पाना लावावा. तेंही न साधल्यास करवतीनें नटास कण्याच्या दिशेनें चीर पाडावी, आट्यांपर्यंत पोंचण्यापूर्वीं थांबावें, व चिरेंत स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळावा. नट जाईल, पण कणा वांचेल. आणि नट स्वस्त असतो.

नवा नट बसवितांना आटे पुसून त्यांवर ग्रीसचें बोट फिरवावें. ढिला झालेला नायलॉनचा नट पुन्हां वापरूं नये. धांवत्या गाडीचें चाक निखळतें. नट टेंकला कीं थोडा आंवळून थांबावें. आणि हें सगळें मुलाच्या हातून करवावें, आपण केवळ जवळ बसावें. ज्या मुलानें एक नट कारण शोधून सोडविला, तो पुढें बिघडलेली वस्तु फेंकण्यापूर्वीं तिच्याकडे एकदां नीट पाहील.