घरी शिकणाऱ्या मुलाची नोंद कुणी ठेवायची?

तळेरे हे तिठ्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, पश्चिमेची वाट विजयदुर्गाला जाते आणि पूर्वेची वैभववाडीवरून गगनबावडा चढून कोल्हापूरला. इथल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या आपल्या घरांत "मुलगा कुठल्या शाळेत?" असे विचारले, तर कधी कधी उत्तर येते, "घरीच शिकतो." ऐकणारा मान हलवतो आणि विषय तिथेच संपतो. आम्हाला वाटते, विषय खरा तिथून सुरू व्हायला हवा.

कारण या एका उत्तराआड चार वेगवेगळी मुले असतात. एक हिफ्ज करणारा. दोन-तीन वर्षे कुरआन पाठ करण्यात जातात, म्हणून त्याची शाळा थांबवलेली असते. दुसरा आखातातून आई-वडिलांबरोबर वर्षाच्या मध्येच परतलेला. तिसऱ्याचे पालक विचार करून ठरवतात की वर्गात साठ मुलांत बसण्यापेक्षा आपले मूल घरी अधिक शिकेल. आणि चौथी असते मुलगी. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढचे हायस्कूल एस.टी.च्या अंतरावर, म्हणून ती घरी. पहिल्या तिघांबद्दल वाद घालता येईल. चौथी मात्र घरी शिकत नाही, ती नुसतीच घरी आहे.

सरकारने घरच्या शिक्षणात किती लक्ष घालावे, या प्रश्नाचा विचार या चौघांना समोर ठेवूनच केला पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने पालकांचे एक कर्तव्यही सांगितले : मुलाला शिक्षणाची संधी देणे. तिथे 'शाळा' हा शब्द नाही. पण १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात पालकाने मुलाला जवळच्या शाळेत दाखल करावे, असे आले. न केल्यास पालकाला शिक्षा मात्र या कायद्यात ठेवलेली नाही. पुढे २०१२ मध्ये दोन बदल झाले. तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला, आणि मदरसे, वैदिक पाठशाळा व मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याच्या बाहेर ठेवल्या गेल्या.

म्हणजे बाकीच्या मुलांचे घरचे शिक्षण कायद्याने ना धड मान्य केले, ना धड मनाई केली. या धूसर जागेत सुशिक्षित, पैसेवाले घर निभावून नेते. गरिबाचे मूल तिथेच हरवते.

दंडाआधी वसतिगृह

तळेऱ्याहून घाट चढून ज्या कोल्हापूरला जातो, तिथल्या राजाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी हाताळला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही लहान रक्कम नव्हती. हा दंड सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याआधी, १९०६ मध्येच, महाराजांनी मुस्लिम समाजाची शिक्षणसंस्था उभी करण्यात पुढाकार घेतला होता आणि मुलांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली होती, ही गोष्ट कमी सांगितली जाते.

आधी सोय, मग सक्ती. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीचे वर्ग तीन किलोमीटरच्या आत असायला हवेत. डोंगर-व्हाळांच्या सिंधुदुर्गात पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करण्याची भाषा होते, तेव्हा त्याच सरकारने मुलगी घरी का ठेवली म्हणून पालकाकडे डोळे वटारणे शोभत नाही.

२०१५ चा धडा

जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने शाळाबाह्य मुलांची पाहणी केली. ज्या मदरशांत गणित, विज्ञान, इंग्रजी, सामाजिक शास्त्रे शिकवली जात नाहीत, तिथली मुले शाळाबाह्य धरली जातील, असे जाहीर झाले आणि मोठे वादळ उठले. समाजाला तो अपमान वाटला. 'शाळाबाह्य' हा शब्द वीटभट्टीवर राबणाऱ्या मुलासाठी वापरायचा आणि तोच कुरआन पाठ करणाऱ्यासाठीही, हे लोकांना लागले.

राग समजण्यासारखा होता. पण वादळ शमल्यावर एक प्रश्न तसाच राहिला. हिफ्ज पूर्ण केलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा पुढे कुठल्या इयत्तेत बसणार? त्याला मराठीत अर्ज लिहिता येतो का, व्याजाचा हिशेब कळतो का, औषधाच्या बाटलीवरचे वाचता येते का? हा प्रश्न सरकारने विचारला म्हणून वाईट ठरत नाही. तो खरे तर त्याच्या अब्बांनी आधी विचारायचा होता. आपल्या कोकणात मकतब सकाळ-संध्याकाळ आणि मध्ये शाळा, अशी दीन-दुनियेची सांगड पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. ती काही सरकारने घालून दिलेली नव्हती.

जगात काय चालते?

जर्मनीत मुलाला शाळेत पाठवावेच लागते. धार्मिक कारणासाठी घरी शिकवू पाहणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबाचा अर्ज युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळला. फ्रान्समध्ये पूर्वी नुसते कळवणे पुरे होते. २०२१ च्या कायद्याने परवानगी सक्तीची केली. त्या कायद्याचा रोख मुस्लिमांवर असल्याची टीका झाली, पण फटका घरी शिकवणाऱ्या सगळ्याच घरांना बसला. इंग्लंडचा १९९६ चा कायदा मुलाचे शिक्षण 'शाळेत किंवा अन्य मार्गाने' होऊ देतो. अमेरिकेत सर्व राज्यांत घरचे शिक्षण कायदेशीर आहे, पण टेक्सासमध्ये सरकारला कळवावेही लागत नाही आणि न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो.

यातून आम्ही एवढेच घेतो : बंदी घातली की प्रामाणिक पालक गुन्हेगार ठरतो, आणि काहीच न विचारले की मूल दिसेनासे होते.

मग किती?

आमच्या मते सरकारने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, नोंद. घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव जवळच्या शाळेत वेगळ्या वहीत असावे. पुस्तके आणि आरोग्य तपासणी त्यालाही मिळावी. दुसरी, वर्षातून एकदा मुलाशी बोलणे. वाचन, लेखन, हिशेब आणि जगाची थोडी ओळख, इतके वयानुसार येते की नाही, एवढेच पाहावे. कुठल्या पुस्तकातून शिकला, कोणी शिकवले, सकाळी काय पाठ केले, यात पडू नये. तिसरी, परतीचे दार. मूल कधीही शाळेत येऊ शकले पाहिजे. हे दार कायद्यात आजही आहे : चौथे कलम वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण देते, आणि दाखला नाही किंवा वर्ष सुरू झाले म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. आखातातून परतलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

परीक्षेचे मार्गही आहेत. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही पाचवी, आठवी, दहावी स्तरांच्या परीक्षा घेते.

आणि कागदाचे काय? ओबीसी दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ शोधत फिरलेली माणसे आपल्यात कमी नाहीत. आज आपण मुलाची ती ओळ पुसली, तर उद्या नातवंडे काय शोधतील?

आपल्या उंबऱ्याच्या आत

नोंद म्हटली की आपल्या लोकांना धास्ती वाटते. नाव कशाला, कुठल्या यादीत जाईल, पुढे कशाला वापरतील? अलीकडच्या काळात ही भीती उगाच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच वही शाळेत असावी, पोलीस ठाण्यात नव्हे, आणि मदरसा, पाठशाळा, बंगल्यातले घर व झोपडी, सगळ्यांना एकच नियम असावा.

पण भीतीचे निमित्त करून त्या चौथ्या मुलीला लपवता येणार नाही. इल्म मिळवणे मुलावर जेवढे फर्ज, तेवढेच मुलीवर. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या दारिस्त्याची एक विद्यार्थिनी डोंगरावर, जिथे मोबाइलला रेंज मिळते तिथे, झोपडीत बसून शिकत होती. भावांनी तिला ती झोपडी बांधून दिली होती. घरच्यांनी मनात आणले तर शाळा बंद असतानाही मुलगी शिकते.

म्हणून सरकारने यायच्या आधी आपणच विचारू या. जमातीच्या बैठकीत इतर हिशेबांबरोबर हाही हिशेब मांडू या : मोहल्ल्यात सहा ते चौदा वयाची मुले किती, शाळेत किती, घरी किती, आणि घरी असलेल्यांपैकी खरोखर शिकतात किती. उत्तर नीट देता आले, तर सरकारच्या माणसासाठी दार उघडताना आपला हात कचरणार नाही.