काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झाले असे नव्हे

भिवंडीहून नाशिकच्या दुकानदारांना तातडीचे तागे पोहोचविण्यासाठी आम्ही जुनी अॅम्बॅसेडर वापरतो. या गाडीचे उत्पादन 2014 साली बंद झाले. ऐन लग्नसराईत कसारा घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला आणि मग एकदम खाली आला. आम्ही समजलो, इंजिन थंड झाले. वास्तविक होजपाइप फुटून पाणी संपले होते. सेन्सर पाण्यात नसला की काटा खोटे सांगतो. हेड गॅस्केट जळाले, माल रखडला, गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. तो पाइप बदलण्यात आम्हीच आळस केला होता.

या तजुर्ब्यावरून व्यापारी बांधवांस दोन शब्द. काटा नेहमीची जागा सोडताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे पाणी 100 अंश सेल्सिअस ओलांडूनही उकळत नाही, पण झाकण निघताच उसळून तोंडावर येते. गिअरबॉक्सला तर काटाच नसतो. म्हणून त्याच्या तेलाची पातळी तपासत राहावी. जळका वास आला किंवा गिअर जड पडू लागला, तर मेकॅनिक गाठावा.

पाइपाची किंमत किती आणि गेलेल्या गिऱ्हाइकाची किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.