एक नोंद, अनेक उपयोग : उद्योगासाठी संगणकप्रणालीची निवड

नागपूरहून आग्नेयेस उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात दोन अगदी भिन्न प्रकारचे व्यवसाय एकमेकांच्या शेजारी नांदत आले आहेत. एकीकडे वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीच्या उमरेड, गोकुळ, मकरधोकडा या खुल्या कोळसा खाणी आहेत. दुसरीकडे भिवापूर-कुहीच्या पट्ट्यात मिरचीचे सातरे आहेत. तेथे हंगामात स्त्रिया ओळीने बसून मिरचीचे देठ खुडतात आणि दिवसअखेर वजनावर मजुरी घेतात. खाणीची उलाढाल आणि सातऱ्याची उलाढाल यांची तुलनाच होऊ शकत नाही. तथापि दोन्हींचा हिशेब एकाच ठिकाणी सुरू होतो, आणि ते ठिकाण म्हणजे वजनकाटा.

काट्यावर पडलेला आकडा पुढे किती वह्यांत उतरतो, हे पाहण्यासारखे आहे. आवक-जावक नोंदवहीत तो एकदा लिहिला जातो. कोठीवाला तो साठ्याच्या वहीत घेतो. मुनीम त्यावरून शेतकऱ्याची पट्टी करतो आणि रोजकीर्दीत रक्कम टाकतो. मजुरीचा तक्ता वेगळा आणि कर सल्लागाराकडे जाणारा कागद आणखी वेगळा असतो. एकच आकडा पाच हातांनी पाच ठिकाणी लिहिला गेला, की त्यांतील एखादा चुकतोच. ती चूक बहुधा वर्षअखेरीस ताळेबंद जुळवताना उघड होते. तोवर माल विकलेला असतो आणि मजूर आपापल्या गावी परतलेले असतात.

प्रणाली म्हणजे काय?

ही पुनरावृत्ती टाळणारी संगणकव्यवस्था म्हणजे उद्योग-संसाधन नियोजन प्रणाली होय. व्यवहारात ती ‘ईआरपी’ या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखली जाते. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, मजुरी आणि जमाखर्च हे सर्व विभाग तीत एकाच माहितीसाठ्यावर चालतात. काट्यावर नोंद झाली, की साठा वाढतो, शेतकऱ्याच्या खात्यावर देणे पडते आणि मालाची किंमत आपोआप ठरते. नोंद एकदाच करायची आणि तिचा उपयोग सर्वांनी करायचा, एवढेच तिचे तत्त्व आहे. मात्र याच तत्त्वात एक धोकाही आहे. काट्यावरचा माणूस चुकला, तर ती चूकही क्षणार्धात सर्व विभागांत पोहोचते.

अशा प्रणालींचा इतिहास अर्धशतकाहून मोठा आहे. आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली जर्मनीत सॅप ही कंपनी स्थापन केली. आज मोठ्या उद्योगांत तिची प्रणाली सर्वाधिक परिचित आहे. उमरेडच्या खाणींचे हिशेबही अखेर तिच्यावरच आले. कोल इंडियाच्या काही कंपन्यांत पूर्वी आयआयटी खरगपूरने विकसित केलेली ‘कोलनेट’ ही प्रणाली वापरात होती. पुढे संपूर्ण उद्योगसमूहासाठी सॅपचा स्वीकार झाला आणि पहिल्या टप्प्यातच कोल इंडियाच्या मुख्यालयाबरोबर वेस्टर्न कोलफील्ड्स व महानदी कोलफील्ड्स या कंपन्या घेण्यात आल्या. हे काम २०२१ मध्ये कार्यान्वित झाले. हजारो कामगार, अनेक क्षेत्रे आणि कोट्यवधींची यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या कंपनीला असा व्याप परवडतो आणि आवश्यकही असतो. सातऱ्याच्या मालकाने मात्र खाणीकडे पाहून निवड करू नये, हे उघड आहे. मग त्याने कशाकडे पाहावे?

मिरचीच्या एका खेपेचा हिशेब

विक्रेता येतो, पडद्यावर रंगीत आलेख दाखवतो आणि आपल्या प्रणालीत किती सोयी आहेत याची यादी पुढे करतो. दुसरा त्याहून लांब यादी आणतो. या दोन याद्या शेजारी ठेवून निवड करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि ती बहुतांशी निरुपयोगी आहे. याद्या सारख्याच दिसतात, कारण त्या विक्रीसाठी केलेल्या असतात. खरी परीक्षा आपल्या स्वतःच्या एका व्यवहाराने होते.

समजा, एका व्यापाऱ्याने २० क्विंटल देठासहित मिरची क्विंटलला १५,००० रुपये दराने घेतली. (पुढील सर्व आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) खरेदी ३,००,००० रुपयांची झाली. देठ खुडून, कचरा काढून आणि वाळण्यातील घट जाऊन १८ क्विंटल माल उरला. खुडण्याची मजुरी किलोला १० रुपये धरली, तर ती १८,००० रुपये होते. हा १८ क्विंटल माल १७,५०० रुपये दराने विकला गेला आणि ३,१५,००० रुपये हाती आले.

आता ज्या प्रणालीत घट नोंदवण्याची सोय नाही, किंवा असूनही कोणी ती वापरली नाही, ती काय दाखवील? विकलेल्या १८ क्विंटलची किंमत ती १५,००० रुपये दरानेच, म्हणजे २,७०,००० रुपये धरील आणि ४५,००० रुपये नफा दाखवील. शिवाय गोदामात २ क्विंटल मिरची शिल्लक असल्याचे सांगील. ती मिरची प्रत्यक्षात नाही. मजुरी कोठेतरी वेगळ्या खर्चखात्यात पडलेली असेल आणि या खेपेशी तिचा संबंध जोडलेला नसेल. खरा हिशेब असा आहे : ३,१५,००० रुपयांतून खरेदीचे ३,००,००० आणि मजुरीचे १८,००० वजा जाता ३,००० रुपयांचा तोटा. संगणकावर ४५,००० रुपयांचा नफा पाहून व्यापाऱ्याने त्याच दराने आणखी दहा खेपा घेतल्या, तर त्याचे काय होईल हे वेगळे सांगावयास नको. त्यातच गोदामातील न सापडणाऱ्या २ क्विंटलबद्दल संशय येतो तो बिचाऱ्या कोठीवाल्यावर.

या अडचणीचे मूळ समजण्याजोगे आहे. उत्पादनविषयक बहुतेक प्रणालींचा उगम यंत्रांच्या कारखान्यांत झाला. तेथे अनेक सुटे भाग जोडून एक वस्तू तयार होते. आपल्याकडील कृषिप्रक्रियेत नेमके उलट घडते. एका तुरीपासून डाळ, चुनी आणि टरफल निघते. एका कापसापासून रुई आणि सरकी निघते. मिरचीतून वेगवेगळ्या प्रतींचा माल, देठ आणि कचरा निघतो. एक कच्चा माल आणि अनेक फळे, शिवाय ओलाव्याची घट, हे ज्या प्रणालीला सहज मांडता येते तीच या भागातील उद्योगाच्या कामाची.

म्हणून विक्रेत्याला बोलावताना आपल्या वहीतील एक पूर्ण खेप त्याच्यापुढे ठेवावी. शेतकऱ्याची उचल, काट्याची नोंद, खुडणाऱ्या स्त्रियांची वजनावरची मजुरी, शीतगृहाचे भाडे, परत आलेले एखादे पोते हे सारे तिच्यात असावे. ती खेप त्याने आपल्या देखत प्रणालीत भरावी आणि शेवटी नफा किती आला ते दाखवावे. वहीतील उत्तर आधीच माहीत असल्यामुळे फसगत होत नाही. ‘ही सोय पुढील आवृत्तीत येणार आहे’ असे उत्तर मिळाले, तर ती सोय नाही असेच धरावे.

तीन घराणी आणि त्यांचा खर्च

लहान व मध्यम उद्योजकापुढे स्थूलमानाने तीन मार्ग असतात. पहिला मार्ग हिशेबापासून सुरू झालेल्या प्रणालींचा आहे. टॅली हे नाव तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत परिचित आहे. ही बंगळूरची कंपनी १९८६ पासून या क्षेत्रात आहे. हिशेबनीस सहज मिळतो आणि कर सल्लागाराला ती प्रणाली अवगत असते, हा तिचा मोठा लाभ होय. तिच्यात साठ्याची आणि उत्पादनाचीही नोंद होते. पण पुष्कळ ठिकाणी ती केवळ जमाखर्चापुरती वापरली जाते आणि साठ्याची वही कागदावरच राहते. असे असेल तर नवी प्रणाली घेण्यापूर्वी हातातलीच पूर्ण वापरून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

दुसरा मार्ग मुक्त स्रोत प्रणालींचा. मुंबईत विकसित झालेली ‘ईआरपीनेक्स्ट’ आणि बेल्जियममधील ‘ओडू’ची सामाईक आवृत्ती ही त्याची उदाहरणे. यांना परवान्याचे शुल्क नसते. परंतु शुल्क नाही म्हणजे खर्च नाही असे नव्हे. ती बसवणे, आपल्या कामानुसार वळवणे, बिघडल्यास दुरुस्त करणे यांसाठी जाणकार माणूस लागतो, आणि तो उमरेडमध्ये नसल्यास नागपूरहून बोलवावा लागतो. तिसरा मार्ग सॅप, ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या मोठ्या कंपन्यांचा. त्यांनी लहान उद्योगांसाठीही आवृत्त्या काढल्या आहेत. मात्र प्रत्येक वापरकर्त्यामागे आकार द्यावा लागत असल्यास माणसे वाढली की खर्च वाढतो.

किमतींची तुलना पहिल्या वर्षाच्या रकमेवरून करू नये. पाच वर्षांचा एकूण खर्च मांडावा. त्यात परवाना किंवा वर्गणी, बसवणूक, जुनी माहिती भरणे, प्रशिक्षण, बदल आणि वार्षिक देखभाल हे सर्व यावे. प्रशिक्षणाचे कलम हमखास सर्वांत आधी कापले जाते आणि पुढे तेच सर्वांत महाग पडते. वीज गेल्यावर किंवा इंटरनेट बंद पडल्यावर काट्यावरचे काम कसे चालेल, हेही लेखी विचारून घ्यावे. प्रणाली सोडायची वेळ आल्यास आपली संपूर्ण माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल काय, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वीचा आहे, नंतरचा नव्हे.

काही बाबी कायद्यानेच ठरवल्या आहेत. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटी रुपयांवरील उलाढालीच्या व्यावसायिकांना परस्परांतील व्यवहारांसाठी ई-बीजक आवश्यक झाले. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांनी १ एप्रिल २०२३ पासून अशीच हिशेबप्रणाली वापरावयाची आहे, जिच्यात प्रत्येक फेरफाराचा माग राहतो आणि तो माग बंद करता येत नाही. एकट्या मालकाच्या पेढीवर हे बंधन नाही. तरीही कोणी, केव्हा, कोणता आकडा बदलला हे कळण्याची सोय तिलाही तितकीच उपयोगी आहे.

मोठ्यांच्या चुका

निवड चुकल्यास किंवा घाई झाल्यास मोठ्या उद्योगांचीही कशी हानी होते, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैमध्ये आपल्या नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या. त्यांची घडी बसण्यापूर्वीच हॅलोविनच्या सणाची मागणी आली. माल गोदामात असूनही १० कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत. दुसरे उदाहरण जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीचे. आपल्या साठ्याचे मूल्य खरेदी किमतीवर धरण्याची तिची रीत होती. सॅपची तयार प्रणाली ते विक्री किमतीवर धरीत असे. रीत बदलण्याऐवजी प्रणाली बदलण्याचा प्रयत्न वर्षानुवर्षे चालला, आणि सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्यावर २०१८ मध्ये ते काम सोडून देण्यात आले.

लिडलचा प्रश्न सातऱ्यावरही येतो, फक्त रक्कम लहान असते. आपली कोणती रीत खरोखर धंद्याचा गाभा आहे आणि कोणती केवळ सवय आहे, हे मालकाने आधी ठरवावे. वजनावरची मजुरी हा गाभा आहे. ती प्रणालीत बसलीच पाहिजे. पट्टीचा कागद आडवा की उभा, ही सवय आहे. तिच्यासाठी पैसे मोजू नयेत.

गावची सोसायटी

ग्रामीण भागात या प्रणालीचा सर्वांत व्यापक प्रवेश कारखान्यातून नव्हे, तर विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांतून होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मान्यता दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद होती. त्यापूर्वी काही राज्यांनी आपापल्या परीने हे काम केले होते. पण प्रणाली निरनिराळ्या असल्यामुळे संस्था, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि राज्य बँक यांचे हिशेब एकमेकांशी जोडलेले नव्हते. म्हणून या योजनेत सर्वांसाठी एकच ईआरपी प्रणाली ठरवण्यात आली आणि ती नाबार्डच्या मार्फत पुरवली जाते.

येथे निवड करण्याचे काम संस्थेकडे नाही. तिच्याकडे त्याहून नाजूक काम आहे, आणि ते म्हणजे जुन्या खतावणीतील शिल्लक नव्या प्रणालीत उतरवणे. मुदतीत परतफेड करणाऱ्या सभासदाला पीककर्जाच्या व्याजात सवलत मिळते. वाटपाची किंवा परतफेडीची तारीख चुकीची भरली गेली, तर तो सभासद थकबाकीदार ठरू शकतो आणि पुढील हंगामाचे कर्ज अडू शकते. गटसचिवाकडे बहुधा अनेक गावांचे काम असते. त्याच्या एकट्याच्या तपासणीवर हे सोडणे योग्य नाही. संचालक मंडळाने खातेनिहाय शिल्लकेची यादी छापून घ्यावी, प्रत्येक सभासदाला ती त्याच्या पासबुकाशी ताडून पाहू द्यावी आणि सही घेऊन मगच ती कायम करावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ती वाचून दाखवण्यास गावातील शिक्षक साहाय्य करू शकतील.

जुनी वही आणि नवी प्रणाली काही काळ बरोबरीने चालवणे सोसायटीला जितके आवश्यक आहे, तितकेच सातऱ्यालाही. त्यात काम दुप्पट होते आणि माणसे कुरकुर करतात, हे खरे आहे. हिशेबनिसाला १ एप्रिलचा मुहूर्त सोयीचा वाटतो, कारण आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होते. मिरचीच्या व्यापाऱ्याला मात्र तो सोयीचा नाही. हिवाळ्यात सुरू झालेली आवक तोवर पुरती ओसरलेली नसते. पावसाळ्यात सातरे रिकामे असतात, मोजायला पोती थोडी असतात आणि काट्यावरच्या माणसाला शिकायला वेळ असतो. वर्षाच्या मध्यावर शिल्लक उतरवण्याचा त्रास पत्करूनही आरंभ त्या दिवसांत केला, तर डिसेंबरची पहिली गाडी काट्यावर येईपर्यंत चार महिन्यांचे हिशेब दोन्हीकडे जुळवून झालेले असतील.