मुंडे साहेबांची जागा

3 जून 2014 च्या सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात ते गेले. केंद्रात ग्रामविकासमंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता आणि ते निघाले होते बीडकडेच. दुसऱ्या दिवशी परळीत पंकजा मुंडे यांनी वडिलांच्या चितेला अग्नी दिला. गर्दी आवरत नव्हती. लोकांना अपघातावर विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून चौकशीची मागणी घोषणांमधून होत राहिली. ऑक्टोबरमध्ये बीड लोकसभेची पोटनिवडणूक झाली तेव्हा त्यांच्या दुसऱ्या कन्या प्रीतम मुंडे 6,96,321 मतांनी निवडून आल्या. तोवर देशात इतक्या फरकाने लोकसभेला कुणी निवडून आले नव्हते.

तेव्हापासून बीड जिल्ह्यात एक वाद चालू आहे आणि तो अजून मिटलेला नाही. महाराष्ट्राच्या मोठ्या नेत्यांच्या रांगेत मुंडे साहेबांना कुठे उभे करायचे? त्यांना मानणारे यशवंतराव चव्हाणांनंतर थेट त्यांचे नाव घेतात. न मानणारे विचारतात, मुख्यमंत्री कधी झाले? जायकवाडीसाठी शंकरराव चव्हाणांचे नाव घेतले जाते, तसे यांच्या नावावर काय आहे? मराठवाड्याने शंकरराव, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे मुख्यमंत्री दिले. त्यात बीडचा कुणी नाही. ही सल या वादाच्या तळाशी आहे, आणि ती मला खोटी वाटत नाही.

नेत्यांची अशी रांग लावायची हौस आपलीच आहे असे नाही. अमेरिकेत 1948 मध्ये आर्थर श्लेसिंजर या इतिहासकाराने आपल्या व्यवसायबंधूंना विचारून राष्ट्राध्यक्षांची प्रतवारी केली. 1962 मध्ये त्याने पुन्हा तेच केले. नुकतेच पायउतार झालेले आयझेनहॉवर तेव्हा पार खालच्या निम्म्यात गेले. पुढे कागदपत्रे उघडी झाली, त्यांनी बांधलेले महामार्ग देशाच्या अंगवळणी पडले, आणि 2017 च्या अशाच एका पाहणीत ते पाचव्या क्रमांकावर आले. म्हणजे निवृत्तीनंतर किंवा मृत्यूनंतर लगेच लावलेली रांग टिकत नाही. एक तपाचा काळ गेल्यावर मुंडे साहेबांकडे पाहणे म्हणूनच मला योग्य वाटते. शोक ओसरला आहे आणि परिणाम दिसू लागले आहेत.

परळी तालुक्यातल्या नाथरा गावी 12 डिसेंबर 1949 रोजी एका साध्या वंजारी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात प्रमोद महाजन भेटले. पुढे पुण्यात कायद्याचे शिक्षण, विद्यार्थी परिषद, संघ, आणीबाणीतला तुरुंगवास. 1978 मध्ये ते जिल्हा परिषदेवर गेले आणि 1980 मध्ये रेणापूर मतदारसंघातून विधानसभेवर. त्या वर्षी विधानसभेत भाजपचे आमदार होते 14. आज ज्यांनी हा पक्ष फक्त सत्तेत पाहिला, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. 1985 मध्ये मुंडे स्वतःही पडले.

या पक्षाला शेटजी-भटजींचा पक्ष म्हणत, आणि ते फार चुकीचे नव्हते. वसंतराव भागवतांनी ही मर्यादा ओळखली आणि माळी, धनगर, वंजारी या तीन समाजांना जोडायचे ठरवले. त्यालाच पुढे ‘माधव’ म्हटले जाऊ लागले. आखणी भागवतांची होती, पण ती गावोगाव नेऊन खरी करून दाखवली ती मुंडे साहेबांनी. वंजारी समाज बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात राहणारा. जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. दिवाळी झाली की निम्मे गाव कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघते. या माणसांना सभेत पुढच्या रांगेत बसायची सवय नव्हती. भगवानगडाच्या दसरा मेळाव्यात ती लाखोंनी जमू लागली आणि आपला एक माणूस मुंबईत सरकारला जाब विचारतो, हे पाहू लागली. ज्याने हे जवळून पाहिले नाही, त्याला 6,96,321 या आकड्याचा अर्थ लागणार नाही. ‘सहानुभूतीची लाट’ असे म्हणून तो आकडा बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.

त्यांनी जातीची मोट बांधली एवढेच सांगून थांबणारेही आहेत, पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने ते उभे राहिले तेव्हा त्यात मतांचा फायदा नव्हता. त्या काळात मराठवाड्यात सवर्ण आणि मध्यम जातींमध्ये नामांतराच्या विरोधात किती राग होता, हे ज्यांना आठवते त्यांना त्या भूमिकेची किंमत कळेल. लोकसभेत गेल्यावर 2010 मध्ये जातनिहाय जनगणनेची मागणी त्यांनी जोराने लावून धरली. त्यांच्या पक्षात तेव्हा त्यावर एकमत नव्हते. त्यांच्याच पक्षाच्या केंद्र सरकारने एप्रिल 2025 मध्ये जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पंधरा वर्षे आधी हा विषय भाजपच्या बाकावरून मांडणारा माणूस बीडचा होता, हे त्या दिवसांतल्या चर्चेत फारसे कुणी बोलले नाही. मला ते खटकले.

त्यांच्या आयुष्याचा सर्वांत तेजस्वी काळ माझ्या मते 1991 ते 1995 हा आहे. 12 डिसेंबर 1991 रोजी, आपल्या वाढदिवशीच, ते विधानसभेतले विरोधी पक्षनेते झाले. समोर 1993 पासून शरद पवारांसारखा मुख्यमंत्री होता. गुन्हेगारी आणि राजकारण यांचे संबंध, दाऊद आणि एन्रॉनचा वीजप्रकल्प हे विषय त्यांनी सभागृहात मांडले, आणि मग संघर्षयात्रा काढून ते महाराष्ट्रभर फिरवले. विधिमंडळातला मुद्दा बाजाराच्या गावापर्यंत न्यायचे तंत्र त्यांना अवगत होते. भाषा साधी होती आणि आवाजात खेडे होते. 1995 च्या निवडणुकीत काँग्रेस 80 वर आली, शिवसेना 73 आणि भाजप 65. चौदा आमदारांपासून इथवर पक्ष पंधरा वर्षांत आला. बाळासाहेब ठाकरे यांचा वाटा यात मोठा आहे आणि बंडखोर अपक्षांचाही आहे. तरी विरोधी पक्षनेत्याने सरकार घालवावे असे महाराष्ट्रात क्वचितच घडले आहे, आणि ते घडवणाऱ्यांत मुंडे पहिले. या एका कामासाठी त्यांना रांगेत अगदी पुढे उभे करावे लागेल.

सत्तेतल्या साडेचार वर्षांबद्दल मात्र मला तसे म्हणता येत नाही. ते उपमुख्यमंत्री होते, गृह आणि ऊर्जा ही खाती त्यांच्याकडे होती. एन्रॉन समुद्रात बुडवू असे सांगून मते मागितली होती. सत्तेवर आल्यावर त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने प्रकल्पाची तपासणी केली आणि ऑगस्ट 1995 मध्ये सरकारने करार रद्द केला. पण पुढच्या काही महिन्यांत फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा उभा राहिला. महाराष्ट्राच्या वीज मंडळाने त्याची जबर किंमत पुढे मोजली. दाऊदला आणायचे वचन वचनच राहिले. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात 10 जण मेले. नामांतराच्या बाजूने उभा राहिलेला नेता गृहमंत्री असताना दलित वस्तीवर गोळ्या चालल्या, आणि ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनी कधी नीट डोळ्यांसमोर धरलेली नाही. मुंबईतल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल 1998 मध्ये ज्या सरकारने नाकारला, त्यातही ते दुसऱ्या क्रमांकाचे मंत्री होते.

याच काळात संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका कायदा 1999 मध्ये झाला. मुंबईच्या टोळ्यांना त्याचा धाक बसला. गृहमंत्री म्हणून त्यांच्या नावावर टिकलेले सर्वांत मोठे काम हेच, आणि त्याचा दुरुपयोगही होऊ शकतो हे मान्य करूनच ते जमेस धरावे लागते.

आता ऊसतोड कामगारांकडे येतो, कारण बीडच्या मापाने खरी परीक्षा तिथे आहे. या कामगारांचे लढे त्यांच्या आधीचे आहेत. बबनराव ढाकणे यांनी संप केले होते. मुंडे साहेबांनी तो लढा हाती घेतला आणि मजुरीच्या वाटाघाटीत कारखानदारांच्या समोरची खुर्ची मिळवली. शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे असा दोघांचा लवाद बसायचा आणि टनाचा दर ठरायचा. राजकारणात एकमेकांवर तुटून पडणारी ही दोन माणसे कोयत्याच्या दरासाठी एका टेबलाशी बसत, ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातली एक चांगली रीत होती. ती टिकली, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी 2024 मध्ये पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत 34 टक्के वाढीवर तडजोड झाली. धनंजय मुंडे सामाजिक न्यायमंत्री असताना मुंडे साहेबांच्या नावाचे कल्याण महामंडळ कामाला लागले आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचे ठरले.

पण पट्टा पडल्यावर गावी परतलेल्या जोडप्याला विचारा. मुकादमाची उचल फिटलेली नसते. पुढच्या हंगामाची बोली आधीच झालेली असते. आजही नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावावर होतो. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया देशभर गाजल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तीस-पस्तीस वर्षे ज्यांच्या जोरावर एवढे मोठे राजकारण उभे राहिले, त्यांना मजुरीवाढ मिळाली पण कोयता खाली ठेवायची सोय झाली नाही. दुष्काळी जिल्ह्यात ऊसतोडीला पर्याय उभा करायला पाणी, कारखानदारी, शिक्षण सगळेच लागते, आणि ते एका माणसाचे काम नव्हते. तरी हा माणूस साडेचार वर्षे सरकारात दुसऱ्या क्रमांकावर होता. त्यांनी पांगरीला वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभारला, तो काही काळ नावाजला गेला आणि त्यांच्या मागे कर्जात रुतला.

दिल्लीत त्यांचे मन रमले असे मला कधी वाटले नाही. 2006 मध्ये प्रमोद महाजन गेले आणि पक्षातला त्यांचा आधार गेला. पुढच्या काळातली त्यांची नाराजी उघड होती. पुतण्या धनंजय वेगळा झाला आणि तो घाव घरातला होता. 2013 मध्ये त्यांनी 2009 च्या निवडणुकीत आठ कोटी खर्च झाल्याचे एका पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात सांगून टाकले आणि निवडणूक आयोगाची नोटीस ओढवून घेतली. असे असूनही 2014 साठी राजू शेट्टी, रामदास आठवले, महादेव जानकर, विनायक मेटे यांना एका मांडवात आणायचे काम त्यांनीच केले. शेतकरी, दलित, धनगर, मराठा अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या धाग्यांना एकत्र ठेवायला पक्षापेक्षा माणसावरचा विश्वास लागतो. त्या लोकसभेत महायुतीला 48 पैकी 42 जागा मिळाल्या. ते गेल्यावर चार महिन्यांत, 25 सप्टेंबरला, शिवसेना-भाजप युती तुटली. ते असते तर तुटली नसती, असे अनेक जण म्हणतात. ते सिद्ध करता येणार नाही, पण तो तुटलेला सांधा नंतर कधी पूर्वीसारखा बसला नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिले.

नेत्याच्या मागे काय उरते, हा रांगेतला सर्वांत कठीण प्रश्न. 2019 मध्ये परळीत चुलतभाऊ आणि बहीण समोरासमोर लढले आणि पंकजा मुंडे पडल्या. 2024 मध्ये त्या बीड लोकसभेत बजरंग सोनवणे यांच्याकडून 6,553 मतांनी हरल्या. दहा वर्षांपूर्वी ज्या मतदारसंघाने सात लाखांच्या घरात मताधिक्य दिले, तोच हा मतदारसंघ. मधल्या काळात मराठा आणि ओबीसी अशी जिल्ह्याची सरळ फाळणी झाली. 30 ऑक्टोबर 2023 ला माजलगाव आणि बीडमध्ये पुढाऱ्यांची घरे जळाली. गावात दुकान कुणाचे, हॉटेल कुणाचे, हे बघून माणसे चहा पिऊ लागली. मुंडे साहेबांच्या मागे मराठेही होते, मुसलमानही होते. जिल्ह्यातल्या मराठा पुढाऱ्यांशी त्यांचे वैर असे, पण ते निवडणुकीपुरते असे. ‘माधव’च्या राजकारणातच या फाळणीचे बीज होते, असा आक्षेप घेतला जातो. तो आक्षेप मला अर्धाच पटतो. वंचितांची ओळख जागी करणे आणि शेजाऱ्याचा द्वेष शिकवणे या दोन गोष्टींतले अंतर त्यांना कळत होते. मागच्यांना ते राखता आले नाही. पण ते अंतर राखणारी संस्था किंवा कार्यकर्त्यांची दुसरी फळी त्यांनी घडवली नाही आणि सगळे स्वतःच्या खांद्यावर ठेवले, ही उणीव त्यांचीच.

17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली प्रवासी रेल्वे आली. अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला होता आणि तो त्यांनी आयुष्यभर मागितला. फलाटावर त्यांचे नाव घेणारे पुष्कळ होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मस्साजोगच्या सरपंचांच्या निर्घृण हत्येतल्या आरोपींवर मकोका लागला होता, आणि मार्चमध्ये धनंजय मुंडे यांना मंत्रिपद सोडावे लागले होते. मुंबईच्या टोळ्यांसाठी मुंडे गृहमंत्री असताना झालेला कायदा त्यांच्याच जिल्ह्यात वापरावा लागला.

म्हणून माझे मत असे. महाराष्ट्राच्या विरोधी पक्षनेत्यांत ते पहिल्या दोघा-तिघांत येतात. सत्तेबाहेरच्या समाजांना राजकारणाच्या मध्यभागी आणणाऱ्यांतही त्यांचे स्थान तितकेच वरचे आहे. प्रशासक म्हणून यशवंतराव चव्हाण, वसंतराव नाईक किंवा शंकरराव चव्हाण यांच्या ओळीत ते बसत नाहीत, आणि चाहत्यांनी तसा हट्ट धरू नये. मुख्यमंत्री झाले असते तर, हा प्रश्न मी मोजत नाही. बीड–परळी लोहमार्ग अजून पुरा व्हायचा आहे, आणि या दिवाळीनंतरही जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन निघणार आहेत.